घड्याळ म्हणतं ८६६, वजनकाटा जागचा हलत नाही: कॅलरीचा आकडा चुकतो तेव्हा काय तपासायचं

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या जिममध्ये मी नऊ वर्षं संध्याकाळचा ट्रेनर आहे. 'डंबेल्स जागेवर ठेवा' हे सांगण्याखालोखाल माझा वेळ एकाच तक्रारीत जातो: जळलेल्या कॅलरींचा आकडा पटत नाही. घड्याळ नवीन असो की जुनं, ट्रेडमिल देशी असो की बाहेरची, तक्रार तीच आणि कारणंही फिरून तीच आठ-दहा. दर वेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी लक्षणं बघा. यातलं एक जरी तुमचं असेल तर पुढे वाचा.

- ट्रेडमिल एक आकडा दाखवते, मनगटावरचं घड्याळ दुसराच, आणि दोघांत दीडपट-दुप्पट फरक.
- आकडा चौपट मोठा. पाऊण तास चालून आठशेच्या वर.
- रोज चारशे-पाचशे 'जळतात', महिना झाला, वजन तिथंच. किंवा एक किलो वरच.
- पूर्वी याच चालण्याला ३०० यायचे, आता २४० येतात. 'घड्याळ बिघडलं वाटतं.'
- घाम निथळतोय, धाप लागलीय आणि घड्याळ म्हणतं ९०.
- रिक्षात बसलो तरी थोडा व्यायाम नोंदला जातो.

खालच्या तपासण्या मी रोज करतो त्याच क्रमाने आहेत. आधी फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या, मग वेळखाऊ. मधूनच उडी मारू नका. दहातले सहा-सात जण पहिल्या चारांतच सुटतात.

१. एकक बघा

मागच्या पावसाळ्यात एक वहिनी घड्याळ पुढे करत आल्या. पंचेचाळीस मिनिटं, ताशी ६ किमी, आकडा ८६६. खुशीत होत्या. मी सेटिंग उघडलं, तर तिथे किलोज्यूल निवडलेलं. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. ८६६ ला ४.१८४ ने भागलं की उरतात २०७. त्यांचा चेहरा पडला, पण २०७ हा त्या चालण्याचा अगदी रास्त आकडा होता. तो कसा ते सातव्या तपासणीत येईल.

आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. पाकिटावरही तेच. त्यामुळे घड्याळात, अ‍ॅपमध्ये आणि खाण्याच्या नोंदीत तिन्हीकडे एकच एकक आहे ना, एवढं बघा.

२. वजन, वय, उंची

यंत्राला तुम्ही दिसत नाही. सांगाल ते वजन ते धरतं आणि न सांगितलं तर स्वतःच्या मनाचं. सोसायटीच्या ट्रेडमिलवर कुणीच वजन घालत नाही, थेट 'स्टार्ट' दाबतात. मग ५२ किलोच्या मुलीला आणि ९४ किलोच्या तिच्या बाबांना सारख्याच कॅलरी मिळतात. चालण्याचा खर्च वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हिशेबातला सर्वांत वजनदार आकडा हाच.

दुसरी गंमत पौंडांची. काही यंत्रं वजन पौंडात मागतात. तिथे ७२ टाकलंत तर यंत्राच्या लेखी तुम्ही साधारण ३३ किलोचे, पाचवी-सहावीतल्या पोराएवढे. आकडा निम्म्याहून खाली येतो. उलटही होतं: आधी पौंड होते, कुणीतरी एकक बदललं, १५९ तसेच राहिले.

आणि हो, दोन वर्षांपूर्वी घड्याळ घेतलं तेव्हाचं वजन अजून तसंच असेल तर तेही बदला. लाजू नका, घड्याळ कुणाला सांगत नाही.

३. 'ॲक्टिव्ह' की 'टोटल'?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

घरात फ्रिज चोवीस तास चालू असतो. तुम्ही रात्री एक तास एसी लावलात आणि त्या एसीचं बिल किती असं विचारलंत, तर फ्रिजचे युनिट त्यात धरणार का? शरीराचंही असंच. नुसतं बसलात तरी हृदय, मेंदू, यकृत चालू असतं आणि त्याचा खर्च होत असतो. 'टोटल' आकड्यात हा बसल्याचा खर्च धरलेला असतो, 'ॲक्टिव्ह'मध्ये फक्त व्यायामाने वाढलेला.

आपल्या ६८ किलोच्या वहिनींचे २०७ हे टोटल. त्यातले ५४ त्या सोफ्यावर मालिका बघत बसल्या असत्या तरी खर्च झाले असते. व्यायामाची कमाई १५३. व्यायाम जितका सावकाश आणि लांब, तितका हा फरक जास्त टोचतो. संथ योगासनांत तर टोटलमधला मोठा हिस्सा बसल्याचाच असतो.

ट्रेडमिल बहुधा टोटल दाखवते. घड्याळात दोन्ही असतात आणि वर मोठ्या अक्षरात कुठला दाखवायचा हे कंपनी ठरवते. म्हणून यंत्र आणि घड्याळ यांची तुलना करताना दोन्हीकडे टोटलच घ्या. खाण्याच्या हिशेबासाठी फक्त ॲक्टिव्ह.

४. एकच कॅलरी दोनदा मोजली जातेय का

खाण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप घ्या. सुरुवातीला ते विचारतं, 'तुम्ही किती सक्रिय आहात?' माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, 'रोज जिमला जातो, म्हणजे मध्यम.' इथेच घात होतो.

आकड्यात सांगतो. वय ४२, वजन ६८ किलो, उंची १५६ सेंमी, स्त्री. मिफ्लिन-सेंट जिओर या १९९० च्या सूत्राने आराम करतानाचा दिवसाचा खर्च येतो १२८४ कॅलरी. बैठं काम धरलं तर याला १.२ ने गुणतात, १५४१ होतात. 'मध्यम सक्रिय' निवडलं तर १.५५ ने, म्हणजे १९९०. दोहोंत ४४९ चा फरक, आणि तो व्यायामासाठीच दिलेला आहे. वर घड्याळ जोडलेलं असतं, ते संध्याकाळी आणखी २०७ पाठवतं. अ‍ॅप म्हणतं, 'आज अजून २०७ खाऊ शकता.' म्हणजे एकाच चालण्याचे पैसे दोन खिडक्यांवर वसूल.

उपाय सोपा आहे. एकतर 'बैठं काम' निवडा आणि घड्याळाची ॲक्टिव्ह कॅलरी जोडू द्या, नाहीतर 'मध्यम' ठेवा आणि घड्याळाची जोडणी तोडा. दोन्ही एकत्र नको. फोन स्वतः पावलं मोजतो, घड्याळही मोजतं. दोन्ही एकाच अ‍ॅपला माहिती पाठवत असतील तर एक बंद करा.

५. पट्टा

घड्याळाच्या मागे लुकलुकणारा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघून ठोके मोजतो. पट्टा सैल असला की दिव्याला रक्ताऐवजी हाताचा झोका दिसतो. मग घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. मला हे कळतं ते असं: कुणी ताशी ६ ने चालतंय, मिनिटाला ११८ पावलं पडतायत आणि घड्याळही नेमकं ११८ ठोके दाखवतंय. मी त्यांना थांबवतो, मानेला दोन बोटं लावतो, तीस सेकंद मोजून दुप्पट करतो. येतात ९६. ठोके चढे धरले की कॅलरीही चढते.

पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, बांगड्या-कड्याच्या मागे, घट्ट पण वळ उठणार नाही असा. मागची काच पुसा, कारण घामाचं आणि लोशनचं पापुद्रं बसतं. मनगटावर गडद टॅटू असेल तर दुसरा हात.

६. पर्याय चुकीचा, आणि दांडी धरलेली

व्यायाम सुरू करताना घड्याळात प्रकार निवडावा लागतो. वजनं उचलताना 'धावणं' चालू राहिलं, किंवा व्यायाम संपल्यावर 'थांबवा' दाबायचं राहून बसने घरी गेलात, तर आकड्याचा काही भरवसा नाही. रिक्षातल्या व्यायामाचं गूढ बहुतेक वेळा इतकंच असतं.

ट्रेडमिलची दांडी हा माझा जुना राग आहे. चढ १० वर, वेग ६ वर, आणि माणूस पुढची दांडी गच्च धरून मागे रेललेला, लोकलच्या दारात लटकल्यासारखा. यंत्र फक्त वेग आणि चढ बघून हिशेब करतं. शरीराचा भार तुम्ही हातांवर आणि दांडीवर टाकलाय हे त्याला कळत नाही. खरा खर्च कमी, पडद्यावर पूर्ण. तोल जातो म्हणून धरायची असेल तर जरूर धरा, पण मग चढ कमी करा आणि पडद्यावरचा आकडा विसरा.

७. कागदावर एकदा स्वतः काढा

आता पेन लागेल. ही तपासणी फुकट आहे, पण लोक टाळतात. मी मात्र प्रत्येकाला एकदा करायला लावतो, कारण त्यानंतर घड्याळाने काहीही सांगितलं तरी माणूस फसत नाही.

शरीर ऑक्सिजन वापरतं त्या प्रमाणात ऊर्जा खर्च होते. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे ढोबळ ५ कॅलरी. नुसतं बसून किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर लागतो, यालाच एक मेट म्हणतात. सपाटीवर चालताना त्यात भर पडते ती मिनिटाला जितके मीटर चालता त्याच्या दहाव्या भागाची. ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला १०० मीटर. दहावा भाग १०. अधिक ३.५. झाले १३.५.

१३.५ गुणिले ६८ किलो म्हणजे मिनिटाला ९१८ मिलिलिटर, लिटरात ०.९१८. गुणिले ५ म्हणजे मिनिटाला ४.५९ कॅलरी. पंचेचाळीस मिनिटांचे २०७. वहिनींच्या घड्याळातले ८६६ किलोज्यूल आणि हा कागद, दोघांचं जमलं.

चढ असेल तर मिनिटाचे मीटर गुणिले १.८ गुणिले चढ एवढे आणखी मिळवा. ५ टक्के चढाला १०० × १.८ × ०.०५ म्हणजे ९. मग १३.५ चे २२.५ होतात आणि त्याच पाऊण तासाचे ३४४. उपवन तलावाकाठी चालणं आणि येऊरचा चढ चढणं यांत फरक का वाटतो, ते इथे दिसतं. धावण्यासाठी मीटरच्या दहाव्याऐवजी पाचवा भाग घ्या. तेवढंही नको असेल तर आणखी ढोबळ: धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी. ६८ किलोच्या माणसाने ५ किमी धावलं की ३४० च्या आसपास, वेग थोडा कमी-जास्त असला तरी.

जिथे अंतर नाही तिथे मेटचे तयार तक्ते वापरतात. त्यांत संथ सूर्यनमस्काराला ३.३ मेट दिलेत. वजन गुणिले मेट गुणिले तास: ६८ × ३.३ × अर्धा तास म्हणजे ११२. एका दमात झपाझप घातलेत तर याहून बरंच जास्त. म्हणून 'एका नमस्काराला इतक्या कॅलरी' हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. स्थिर सायकलवर वॉट दिसत असतील तर तो आकडा सर्वांत विश्वासाचा: १०० वॉट अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम, आणि स्नायूंच्या हिशेबाने साधारण तितक्याच कॅलरी.

कागद आणि यंत्र यांत २०-२५ टक्के फरक असेल तर भांडू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं ६० जणांवर तपासली. ठोक्यांत सातपैकी सहा उपकरणं ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत सर्वांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. फरक त्याहून मोठा असेल तरच पुढे जा.

८. ट्रेडमिलचा वेग खरा आहे का

जुन्या यंत्रात पट्टा सैल होतो, माणूस वर चढला की घसरतो आणि ८ दाखवून ७ ने धावतो. याला दोन माणसं लागतात.

प्लग काढा. पट्ट्याच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा. हाताने पट्टा फिरवत शिंप्याच्या टेपने त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ३.१ मीटर आली. आता प्लग लावा, एकाने वर चालायचं (रिकामा पट्टा खोटं बोलतो, वजन पडलं की खरं कळतं), दुसऱ्याने बाजूला उभं राहून खुणेचे वीस फेरे फोनवर मोजायचे. वीस फेरे म्हणजे ६२ मीटर. ३७.२ सेकंद लागले तर वेग ताशी ६ किमी, पडद्याशी जुळतो. आमच्या खिडकीजवळच्या यंत्रावर पडद्यावर ८ असताना ३१.४ सेकंद लागले. म्हणजे खरा वेग ७.१. सहा महिने सगळे त्या यंत्रासाठी रांग लावायचे, 'याच्यावर जास्त जळतात' म्हणून.

मोजणाऱ्याने ओढणी खोचून घ्यावी आणि बोटं पट्ट्यापासून लांब ठेवावीत. मोटरचं झाकण उघडायचं नाही.

९. ठोके म्हणजे ऑक्सिजन नव्हे

घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. ठोके बघून अंदाज बांधतं. मे महिन्यात, दमट हवेत, पंखा बंद असताना तेच चालणं कराल तर शरीर गार ठेवायला हृदय जास्त ठोके देतं. स्नायूंचं काम तेवढंच असतं. घड्याळाला वाटतं मेहनत वाढली. झोप अपुरी, दोन कप कडक चहा, तापाची कणकण, ऑफिसातलं भांडण, सगळ्यांनी तसंच होतं. घामाचं वजन मोजून खूश होणाऱ्यांना सांगतो, ते पाणी आहे, घरी जाऊन ताक प्यायलात की परत येईल.

उलट बाजू म्हणजे ३०० चे २४० झालेले. तीन महिने नियमित चाललात, हृदय तयार झालं, त्याच वेगाला ठोके कमी पडतात, म्हणून घड्याळ कमी दाखवतं. वजन उतरलं असेल तर थोडी घट खरीही आहे. घड्याळ बदलू नका. खात्री हवी असेल तर छातीला बांधायचा पट्टा कुणाकडून आठवडाभर उसना घ्या. तो ठोके नेमके देतो. कॅलरीचा मात्र तोही अंदाजच करतो.

१०. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

सर्वांत कंटाळवाणी आणि शेवटची. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन. आठवड्याची सरासरी काढा. पाण्यामुळे वजन दिवसात किलोभर सहज हलतं, पाळीच्या आधी आणखी, म्हणून स्त्रियांनी चार आठवडे झाल्याशिवाय निष्कर्ष काढूच नये. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. तुमच्या नोंदीप्रमाणे रोज ३०० ची तूट असेल तर २८ दिवसांत ८४००, म्हणजे किलोभर उतरायला हवं. अजिबात उतरलं नाही तर ३०० कुठेतरी कागदावरच आहेत.

कुठे, ते बहुतेकदा स्वयंपाकघरात सापडतं. मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, १२० कॅलरींच्या आसपास. वहिनींची पाऊण तासाची कमाई १५३. घरी फोडणीला त्या तेलाची बुधली थेट कढईत वाकडी करायच्या. चमच्याने मोजायला लावलं, तेव्हा आठवड्यात आम्हाला उत्तर मिळालं.

थोडं शरीरही हात आखडतं. २०१२ मध्ये टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजाचा दिवसाचा एकूण खर्च मोजला गेला. दिवसभर पायपीट करणारी ही माणसं, पण शरीराचा आकार धरून हिशेब केला तर तो खर्च पाश्चात्त्य देशांतल्या माणसांच्या बरोबरीचाच निघाला. म्हणून मी ॲक्टिव्ह कॅलरीही पूर्ण परत खाऊ देत नाही. फार तर निम्म्या.

इथे थांबा, माणूस बोलवा

यंत्रातून जळका वास, हिसके, हाताला झिणझिण्या: प्लग काढा, पाटी लावा, तंत्रज्ञाला फोन. आमच्याकडे एकाने स्क्रू ड्रायव्हर घेऊन सुरुवात केली होती, त्याला सेक्रेटरीने जिममधून बाहेर काढलं ते बरंच केलं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि चालताना थरथर, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर खा, मग तपासा. ७० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दडपण, चक्कर, किंवा स्वस्थ बसूनही ठोके सतत १०० च्या वर: ट्रेनरला विचारू नका, सरळ डॉक्टर. छातीतलं दडपण बसल्यावरही जात नसेल तर रुग्णवाहिकाच बोलवा. व्यायाम वाढवला आणि तीन महिने पाळी आली नाही, तरी डॉक्टर. सगळं काटेकोर मोजूनही वजन वाढतंय, थकवा आणि सूज आहे, तर थायरॉईडची तपासणी. आणि घरातलं कुणी आकडा भरला नाही म्हणून जेवण टाळत असेल, रात्री गच्चीवर फेऱ्या मारत असेल, तर घड्याळ काढून ठेवा आणि आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे न्या.

नेमका आकडा खरंच हवाच असेल, स्पर्धेसाठी वगैरे, तर तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजणारी चाचणी असते. क्रीडावैद्यक विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा.

राहिलं ते नव्वदवालं लक्षण. बी विंगमधले काका, साठीच्या आतबाहेरचे. 'तीनशे झाल्याशिवाय उतरणार नाही' हा नेम. घड्याळ पाऊण तासाला ९० दाखवायचं, म्हणून ते दीड तास, पावणेदोन तास चालायचे. एका संध्याकाळी बघितलं तर ओठ पांढरे पडलेले आणि दांडी दोन्ही हातांनी धरलेली. खाली बसवून पाणी दिलं आणि विचारलं, 'काका, गोळ्या कुठल्या?' खिशातून पट्टी काढली, मेटोप्रोलॉल. रक्तदाबाच्या या जातीच्या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. एटेनोलॉलही त्यातलीच. शरीर पूर्ण मेहनत करत होतं, ठोके खाली दाबलेले होते आणि घड्याळाला काका आरामात दिसत होते. मी मुलाला बोलावलं आणि त्याच रात्री डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी डॉक्टरांनी तीच ठेवली, वेळ अर्ध्या तासावर आणला.

आता घड्याळ लॉकरमध्ये असतं. मी शेजारून जाताना विचारतो, 'काका, आज भाजी काय?' पूर्ण वाक्यात उत्तर आलं की वेग बरोबर. परवा नुसतंच 'भेंडी' म्हणाले, मी बटण दाबून अर्धा किमी कमी केला.